पेत्राची सासू नावेत बसते

बायबलात पेत्राच्या, म्हणजे येशूच्या पट्टशिष्याच्या, सासूच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी आल्या आहेत. तिला ताप येतो, येशू तिचा हात धरतो, ताप उतरतो आणि ती उठून आल्यागेल्याचं बघायला लागते. झालं. त्याआधी ती कोण होती, पुढे तिचं काय झालं, मुळात जावयाच्या घरी ती करत काय होती, याबद्दल चकार शब्द नाही.

आमच्या लेखिकाबाईंना असल्या बायका फार आवडतात. धर्मग्रंथानं जिला दोन ओळींत गुंडाळलंय अशी बाई हेरायची आणि तिच्यावर साडेतीनशे पानांची प्रेमकादंबरी लिहायची, हा त्यांचा गेल्या पंधरा वर्षांचा उद्योग. येशूला क्रुसावर द्यायचा हुकूम सोडणाऱ्या पिलाताच्या बायकोला एक स्वप्न पडतं, त्यावर एक कादंबरी झाली. पेत्र दारात आला म्हणून इतकी हरखली की दार न उघडताच आत पळाली, त्या मोलकरणीवर दुसरी. प्रत्येकीला एक रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा पुरुष भेटतो. बाईंच्या पुरुषांना बोलायला का येत नाही, हे मला सात पुस्तकं तपासूनही कळलेलं नाही, पण वाचक खूश असतात.

मी या पुस्तकांची प्रुफं तपासते. आणि तपासते म्हणजे तपासतेच. माझ्या हातून सुटलेली वेलांटी अजून कुणी मला दाखवलेली नाही, असं मी सांगत फिरायचे, त्याचीच ही गोष्ट आहे.

बाई अजून हातानं लिहितात. त्यांचं हस्तलिखित प्रकाशनाकडे जातं, तिथला ऑपरेटर ते कॉम्प्युटरवर घेतो आणि छापून आलेली प्रुफं हस्तलिखितासकट आमच्या घरी येतात. मग आम्ही दोघी बसतो. दोघी म्हणजे मी आणि माझ्या सासूबाई. आई हस्तलिखित मोठ्यानं वाचतात, मी लाल पेन घेऊन प्रुफावर नजर ठेवते. कानावर पडलं एक आणि प्रुफात दिसलं दुसरं, की प्रूफ चुकलं. तिथल्या तिथे दुरुस्ती. हस्तलिखिताकडे मी मान वळवून बघत नाही, कारण डोळे फार लवकर फितूर होतात. एकदा दोन्हीकडे बघायला लागलं की जे असायला हवं तेच दिसतं. कान तसं करत नाहीत, असं माझं तेव्हा पक्कं मत होतं.

आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सव्वीस वर्षं ऑपरेटर होत्या. शब्द असे सुटे करून टाकतात की प्रत्येकाची वेगळी पावती घ्यावी. आणि विरामचिन्हंही वाचतात, वाचावीच लागतात. त्यामुळे बाईंच्या कादंबरीतला कितीही हळवा प्रसंग आमच्या जेवणाच्या टेबलावर असा यायचा: "त्यानं तिची हनुवटी वर केली स्वल्पविराम तिच्या डोळ्यांत पाहिलं पूर्णविराम अवतरण सुरू तू उद्गारचिन्ह." मी पहिली दोन वर्षं हसू दाबून बसायचे. आई कधी हसल्या नाहीत.

या टेबलावर आमचं जमायचं. बाकी घरात फारसं नाही. डब्यांची झाकणं कुठल्या फळीवर ठेवायची यावरून आमच्यात वीस वर्षं शीतयुद्ध चालू होतं, आणि दोघींपैकी एकीनंही पांढरं निशाण दाखवलं नव्हतं. नवरा म्हणायचा, तुमच्या दोघींचं घरात कुठेतरी पटतं हे त्या लेखिकाबाईंचे उपकार. ते खरं होतं. मुलगी शिकायला हॉस्टेलवर गेल्यापासून तर प्रुफं आली नाहीत की आम्ही दोघी एकमेकींना काय बोलावं याच विचारात घरभर फिरायचो. म्हणून पुढे जे झालं त्यात माझी पाचावर धारण बसली ती नुसत्या नाकासाठी नाही. काम गेलं असतं तर आमचं टेबल गेलं असतं.

पेत्राच्या सासूची कादंबरी बाजारात येऊन महिना झाला होता. एका सकाळी प्रकाशकांचा फोन आला. आम्ही त्यांना मालक म्हणतो. मालक एरवी इकडचं तिकडचं बोलतात, त्या दिवशी थेट मुद्द्यावर आले. पुस्तकात बाईंनी न लिहिलेला मजकूर छापलाय. थोडाथोडका नाही, सात ओळी. बाई कुठल्याशा कार्यक्रमाला गेल्या होत्या, तिथे एका वाचक बाईंनी त्यांचा हात धरून सांगितलं, तुमचं ते "पडले तर पडले" वाक्य मी कपाटाच्या दारावर लिहून ठेवलंय. बाईंनी मान डोलावली, घरी आल्या आणि आपण हे कधी लिहिलं म्हणून पुस्तक धुंडाळत बसल्या. एकशे सत्याऐंशी पानावर सापडलं. या खेपेला डोळ्यांच्या ऑपरेशनमुळे त्यांनी शेवटची प्रुफं स्वतः पाहिली नव्हती, सगळी भिस्त आमच्यावर होती.

दुसरी आवृत्ती पंधरा दिवसांत जायची होती. बाई आज दुपारी तुमच्याकडे येतायत, मालक म्हणाले, त्यांचं समाधान झालं तर ठीक, नाहीतर पुढची पुस्तकं दुसरीकडे द्यावी लागतील. एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

मी पुस्तक काढून ते पान उघडलं. प्रसंग मला आठवत होता. विधवा नायिका सरोवराच्या काठावर जाळी दुरुस्त करत बसलेली असते. पलीकडच्या तीरावरचा एक नाववाला, अर्थात रुंद खांद्यांचा, तिला विचारतो, येतेस का माझ्याबरोबर? आणि छापलेल्या पुस्तकात पुढे होतं: तिनं जाळ्याची अर्धी बांधलेली गाठ तशीच सोडली आणि नावेत पाय ठेवला. नाव डगमगली. "कडेला धर," तो म्हणाला. "पडले तर पडले," ती म्हणाली.

आठवायचं कारण असं, की ते पान तपासताना प्रुफात भलतंच होतं. मी प्रकाशनातल्या ऑपरेटरवर मनातल्या मनात भरपूर तोंडसुख घेतलं होतं. बाईंना लिहिलेल्या पानावर नव्या मजकुराची चिठ्ठी चिकटवायची सवय आहे आणि ऑपरेटर कधीकधी चिठ्ठीखालचा जुना मजकूर उचलतो. तसंच झालं असणार असं धरून मी आईंना ते पुन्हा सावकाश वाचायला लावलं होतं आणि सातही ओळी समासात नीट उतरवून घेतल्या होत्या. आईंनी दुसऱ्यांदाही शब्द न शब्द तोच वाचला होता. मधे फक्त एकदा पाणी प्यायल्या.

मी स्वयंपाकघरात गेले. आई कणीक मळत होत्या. मालकांचा फोन होता आणि बाई दुपारी येतायत, एवढंच मी सांगितलं. कशाला, असं त्यांनी विचारलं नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

बाई तीन वाजता आल्या. सत्तरीच्या, उंच, चष्म्याची काच अजून गडद. कापडी पिशवीतून त्यांनी आधी हस्तलिखित काढलं, मग छापलेलं पुस्तक. एकशे सत्याऐंशी पानावरच्या सात ओळी त्यांनी लाल शाईनं आडव्या खोडल्या होत्या. हस्तलिखिताचं पान त्यांनी माझ्यासमोर ठेवलं. चिठ्ठी नव्हती, कधी चिकटवल्याची खूणही नव्हती. त्यांच्या गोल अक्षरात स्वच्छ लिहिलं होतं: "नाही," ती म्हणाली. "घरात लेक आहे. तिला माझी गरज आहे." आणि मग तो नाववाला मान खाली घालून वल्हं उचलतो वगैरे.

बाईंनी मला शांतपणे विचारलं, हे तू लिहिलंस का? मी म्हणाले, मी फक्त ऐकलं तसं उतरवलं. मग आम्ही दोघींनी आईंकडे बघितलं.

आई पदराला हात पुसत टेबलापाशी आल्या आणि आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसल्या. "मी वाचलं ते तिनं घातलं," त्या बाईंना म्हणाल्या. "तिची चूक नाही. काम काढायचं असेल तर माझं काढा. वाचायला दुसरं कुणी मिळेल तिला."

मला त्यांचा राग येत होता आणि तरी ते शेवटचं वाक्य मला अजिबात आवडलं नाही.

बाई रागावल्या असतील अशी माझी अपेक्षा होती. त्या रागावल्याही होत्या, पण त्याहून जास्त त्यांना कुतूहल आवरत नव्हतं. त्या आईंशी वाद घालायला लागल्या, जसा एखाद्या बरोबरीच्या लेखकाशी घालावा. त्यांचं म्हणणं, हिला नावेत बसवून तुम्ही माझी सगळी घडी विस्कटलीत. पुढच्या प्रकरणात ती पेत्राच्या घरी तापानं फणफणलेली असायला हवी. ती पलीकडच्या तीरावर संसार करत असेल तर ताप कुणाला आणायचा?

आईंकडे उत्तर तयार होतं. बहुतेक महिनाभर तयार होतं. त्या म्हणाल्या, गेलेल्या माणसाला परत येता येत नाही का? लेकीकडे चार दिवस आली असेल. ताप काय, पाहुणं म्हणून आलेल्यालाही येतो. ती तिथे कायमची राहत होती असं बायबलात कुठे लिहिलंय?

बाईंनी पिशवीतून वही काढून काहीतरी टिपून घेतलं. मला त्या परिस्थितीतही हसू आलं. पण बाई एवढ्यावर सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. साडेतीनशे पानं तुम्ही सरळ वाचलीत, त्या म्हणाल्या, आधीच्या सहा पुस्तकांत कानामात्रा बदलला नाहीत. मग याच पानावर काय झालं?

आईंनी ते हस्तलिखिताचं पान आपल्याकडे ओढलं.

"मला एकानं विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "असंच. येता का म्हणून."

मी आईंना वीस वर्षं ओळखत होते. कुठल्या भाजीनं त्यांचं पोट दुखतं, कुठल्या नातेवाइकाचा फोन त्या उचलत नाहीत, हे मला पाठ होतं. हे मी पहिल्यांदा ऐकत होते, आणि तेही जिला त्या आयुष्यात चौथ्यांदा भेटत होत्या अशा बाईच्या निमित्तानं.

मग त्यांनी सांगितलं. थोडक्यात, हिशेबी शब्दांत, जणू ट्रंक कॉलची तीन मिनिटं चालू आहेत. एक्स्चेंजमध्ये एक मेकॅनिक होते. माझे सासरे माझ्या लग्नाआधीच वारलेले, त्यांचीही बायको गेलेली. पाच वर्षं दुपारचा डबा हे दोघं एकाच बाकावर बसून खायचे, बोलणं फारसं नाही. मग त्यांची बदली झाली, लांब. शेवटच्या आठवड्यात डब्याचं झाकण लावता लावता ते म्हणाले, माझी बदली झालीय, तुम्ही येता का? एवढंच. आई तेव्हा चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या.

"मग तुम्ही काय म्हणालात?" बाईंनी विचारलं, पण त्यांना उत्तर कळलेलं होतं. त्यांची नजर त्या पानावर होती.

"घरात सून ओली बाळंतीण आहे. तिला माझी गरज आहे." आईंनी बाईंच्या अक्षरावर बोट टेकवलं. "हे तुमचं वाक्य समोर आलं आणि माझी जीभच वळेना. तोंडातून दुसरंच बाहेर पडलं. हिनं पुन्हा वाचा म्हटलं, तर पुन्हा तेच वाचलं. तोवर मला ते आवडायला लागलं होतं."

ओली बाळंतीण म्हणजे मी. बाईंनी चष्मा काढला, डोळे जपून टिपले आणि माझ्याकडे वळल्या. मला वाटलं आता माझ्यावर काही हळवं बोलायची वेळ येणार. पण बाईंनी वेगळंच विचारलं. त्या म्हणाल्या, साऱ्या गोष्टीत पेत्राच्या बायकोला कुणी एक शब्द दिलेला नाही, मीसुद्धा नाही. सासू आहे म्हणजे बायको असणारच, पण ती त्या घरात कुठे होती, काय म्हणत होती, मी विचारच केला नाही. "तुला तेव्हा विचारलं असतं," त्या म्हणाल्या, "तर तू काय म्हणाली असतीस?"

इथे खोटं बोलणं सोपं होतं. मला सांभाळायला थांबल्या त्या, केवढे उपकार, असं म्हणून डोळ्यांना पदर लावला असता तर दोघींनाही बरं वाटलं असतं. पण त्या वर्षाची मला चांगली आठवण होती. बाळ रडलं की माझ्याआधी आई उठायच्या. न्हाऊ कसं घालायचं, किती गुंडाळायचं, दूध पुरतंय की नाही, सगळ्यावर त्यांचं मत. मी चोवीस वर्षांची होते आणि स्वतःच्या घरात उमेदवारी करत होते. त्या वर्षी मी रोज मनात एकच गोष्ट मागत होते.

"मी म्हणाले असते, जा," मी म्हणाले. "त्यांच्या सुखासाठी नाही. माझ्या. मला तेव्हा तुम्ही घरात नको होतात, आई."

आईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"ते काय मला दिसत नव्हतं?" त्या म्हणाल्या. "कपाटाची दारं कशी आपटायचीस. तुला माझी काडीची गरज नव्हती. म्हणून तर विचारलं नाही तुला. विचारलं असतं तर तू माझी बॅग भरून दारात ठेवली असतीस. मग मी त्यांना कारण काय सांगणार होते?"

"म्हणजे?"

"म्हणजे मी भ्याले गं. लोक काय म्हणतील, नव्या गावात कसं होईल, त्यांचं नि माझं दोन महिन्यांत फाटलं तर तोंड कुठे लपवू. नाही मला म्हणायचं होतं. तुझं फक्त नाव पुढे केलं."

मला रडू येईल असं वाटत होतं, आला तो संताप. एकोणीस वर्षं मी एका माणसाच्या आयुष्यात अडसर म्हणून नांदत होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मी तसं म्हणालेही. माझ्या नावावर खपवलंत तुम्ही, म्हणाले, तो माणूस आजही कुठेतरी बसून मला बोल लावत असेल. आई म्हणाल्या, लावत असेल, आणि मान खाली घातली. मग माझा राग जसा आला तसा गेला, कारण खाली घातलेली ती मान त्रेसष्ट वर्षांची होती आणि केस विरळ झाले होते, आणि आईंनी माझ्यासमोर ती कधी, अगदी झाकणांच्या भांडणातही, खाली घातली नव्हती.

बाई वहीत भराभर लिहीत होत्या. त्यांनी ठरवून टाकलं होतं. छापलेलं काढायचं आणि आपलं मूळचंही काढायचं, त्या म्हणाल्या, आता हे पान पुन्हा लिहिते. ती नाहीच म्हणेल, पण लेकीच्या आड लपणार नाही. घाबरले म्हणून सांगेल. दोन हजार वर्षांत त्या बाईनं बोललेलं पहिलं खरं वाक्य असेल ते. मला ते पटलं. फारच चांगलं वाटलं. मी लाल पेनाचं टोपणसुद्धा काढलं.

"नको," आई म्हणाल्या.

बाईंनी मान वर केली.

"मी घाबरले तेवढं पुरे झालं. तिला कशाला पुन्हा घाबरायला लावता?" आईंचा आवाज एक्स्चेंजमधला सुटा आवाज राहिला नव्हता. "तिच्याबद्दल दोनच तर ओळी आहेत. बाकीचं तुमच्याच हातात आहे की, बाई. जाऊ द्या तिला."

बाईंनी आपलं हस्तलिखिताचं पान पाहिलं, मग लाल रेघा मारलेलं छापलेलं पान पाहिलं. ओठ हलवत त्या सात ओळी वाचल्या. मला वाटतं, आपल्या म्हणून पहिल्यांदाच वाचल्या. मग त्यांनी पुस्तक माझ्याकडे न सरकवता आईंकडे सरकवलं आणि मला म्हणाल्या, खोडलेला मजकूर तसाच ठेवायचा असेल तर खूण काय असते, ती यांना दाखव.

त्याची खूण साधी असते. खोडलेल्या शब्दांच्या खाली ठिपके देत जायचं. ठिपके दिसले की ऑपरेटरला कळतं, हे काढायचं नाही. मी आईंच्या हातात पेन दिलं. इतक्या वर्षांत त्यांनी प्रुफावर एकही खूण केली नव्हती, ते माझं काम होतं. त्यांनी गाठ, नाव, पाय यांच्याखाली एकेक ठिपका टेकवला, फार दाबून, कागदाला भोक पडेल इतका. दुसऱ्या ओळीवर थांबून मला विचारलं, एवढे पुरेत का?

"नाही, आई," मी म्हणाले. "ती म्हणते तिथपर्यंत द्यावे लागतात."

त्यांनी दिले.